पिकांच्या आडोशाला

साळीची शेतं पांढुरकी पडू लागली की कापणी जवळ आली. वर्षाचं धान्य घरात यायची ती वेळ, त्या दिवसांत गावात कुणी रडत नाही. 'गाथासप्तशती'च्या अगदी सुरुवातीला येणाऱ्या एका गाथेत मात्र एक तरुण बाई अशा पिकत्या शेतापाशी मान खाली घालून रडते आहे. तिची मैत्रीण तिची समजूत घालते आणि त्यासाठी तिला तागाचा मळा दाखवते. ताग फुलून पिवळाधमक झाला आहे. चेहऱ्याला हरताळाचा पिवळा रंग लावून सजलेल्या नटीची उपमा त्या मळ्याला दिली आहे. दोन ओळींत एवढंच येतं आणि गाथा संपते.

रडण्याचं कारण कवीने सांगितलेलं नाही. तागाचा मळा बघून त्या बाईचे डोळे का पुसले जावेत, तेही सांगितलेलं नाही. ते वाचणाऱ्याने शेतीच्या वेळापत्रकातून काढायचं. साळ दाट उभी असते तोवर तिच्यात शिरलेली दोन माणसं बांधावरून दिसत नाहीत. ही बाई आपल्या प्रियकराला इतके दिवस तिथेच भेटत आली आहे. कापणी झाली की शेत उघडं पडणार, म्हणून पिकत्या साळीचा रंग बघून तिच्या काळजात धस्स होतं. मैत्रीण सांगते ते एवढंच की एक पीक निघालं तरी दुसरं उभं आहे. धाग्यासाठी ताग पेरतात तो दाट पेरतात. त्यामुळे त्याला फारशा फांद्या फुटत नाहीत, तो सरळ माणसाच्या डोक्यावर जातो. आडोसा म्हणून साळीपेक्षा ताग केव्हाही चांगला.

हे कळल्यावर नटीच्या उपमेकडे पुन्हा बघावं. पिवळ्याला पिवळं, एवढंच तिचं काम नाही. रंग लावून तयार झालेली नटी प्रयोगाची वाट बघत असते. मळाही तसाच नटून उभा आहे, प्रयोग अजून व्हायचा आहे आणि त्यातली पात्रं कोण हे दोघी मैत्रिणींना ठाऊक आहे. शिवाय पहिलं शेत रंग उतरल्यासारखं पांढुरकं आणि दुसरं नुकतं रंगलेलं. खाली घातलेली मान वर उचलली तरच तो पिवळा रंग दिसणार, पण मान वर कर असं मैत्रीण म्हणतच नाही. ती फक्त बघण्याजोगी गोष्ट सांगते. सांत्वनाची इतकी हुशार आणि इतकी मायाळू तऱ्हा मी कवितेत फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याची कविता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, झरे, चांदणं यांच्याकडे एकटक बघणारा कवी येतो. गाथांमध्ये असं बघत उभं राहायला फारशी सवड कुणाला नाही. तिथली माणसं रानात राबतात, लपतात, भेटतात, चुकतात. कुठलं पीक केव्हा किती उंच होतं, कुठलं झाड केव्हा फुलतं, नदीला पाणी केव्हा चढतं, यावर त्यांचं सुखदुःख ठरतं. निसर्ग त्यांच्यासाठी पत्ता आहे आणि पंचांगही आहे. म्हणून या कवितेचा रस घ्यायला रसिकता लागतेच, पण तिच्या आधी शिवाराची माहिती लागते. ताग केव्हा फुलतो हे ज्याला माहीत नाही, त्याला ती बाई रडताना दिसेल आणि मैत्रीण भलतंच काही बोलताना ऐकू येईल.

हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतातला. तो सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या असं संग्रहातच म्हटलेलं आहे. सातवाहनांची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण. पुढच्या काही शतकांत संग्रहात भर पडत गेली, काही गाथा बदलल्या. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८७० आणि १८८१ मध्ये हा ग्रंथ छापला, तेव्हा वेगवेगळ्या परंपरांतल्या मिळून ९६४ गाथा त्याच्या हाती आल्या. त्यांतल्या सगळ्या परंपरांत सापडणाऱ्या साधारण ४३०. मराठीत स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली केलेली आवृत्ती हा आपला मोठा ठेवा आहे. रचणाऱ्यांच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी बायकांची नावंही परंपरेने सांगितली आहेत. बोलणारी व्यक्ती बाई असलेल्या गाथा तर पानोपानी भेटतात.

साळ-तागाच्या गाथेत एक ऋतू संपतो आहे. दुसऱ्या एका गाथेत तो सुरू व्हायचा आहे. कापसाच्या शेताची पहिली नांगरट, शुभ दिवस, घरची बाई नांगरावर हाताने मंगल चिन्हं काढते आहे. आपल्याकडे आजही पेरणीआधी तिफणीला हळदीकुंकू वाहतात, त्याच जातीचा हा विधी. पण या बाईचा हात थरथरतो. गाथेतून कळतं की तिच्या मनात उत्कंठा दाटली आहे, आणि ती कशाची हे कापूस सांगतो. शेत अजून नांगरायचं आहे, सरकी मातीत पडायची आहे, पाऊस पडायचा आहे. एवढं सगळं होऊन कापूस आडोशाजोगा वाढेल तेव्हाची भेट तिला नांगर पुजतानाच दिसते आहे. तिच्या इच्छेला पिकाच्या चालीनेच चालावं लागणार, त्याआधी पोचायचा रस्ता नाही. हाताच्या त्या कंपात पुढचे कितीतरी महिने येऊन बसले आहेत.

या गाथेत मला आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. नांगर पूजेचा आहे, त्यावरचं चिन्ह घराच्या भरभराटीसाठी आहे आणि ते काढणाऱ्या हाताला ओढ लागली आहे ती चोरट्या भेटीची. कवी तिला दोष देत नाही, तिची बाजूही घेत नाही. शेत पिकावं असं घराला वाटतं आणि तिलाही वाटतं, तेवढ्यापुरती तिची पूजा अगदी खरी आहे.

मोहाच्या गाथेत या ओढीचं दुसरं टोक दिसतं. मोह चैत्राच्या सुमाराला फुलतो. फुलं पहाटे गळून जमिनीवर पडतात आणि ती वेचायला बाया झाडाखाली जातात. गडचिरोलीत, नंदुरबारात आजही जातात. गाथेतली बाई हंगामातली शेवटची फुलं वेचते आहे आणि वेचता वेचता रडते आहे. जळून गेलेल्या आप्ताच्या अस्थी वेचाव्यात तशी ती फुलं वेचते असं कवी म्हणतो. फुलांना अस्थींची उपमा ऐकून प्रथम दचकायला होतं. मग दोन्ही चित्रं जवळजवळ ठेवून बघावीत. मोहाची फुलं फिकट असतात, मांसल आणि पिवळट पांढरी. ती जमिनीवर विखुरलेली असतात. वेचणारी कमरेत वाकलेली असते आणि एकेक करून उचलत जाते. राख सावडायला गेलेला माणूस नेमका असाच वाकतो. उपमा रंगातून आली आहे, त्याहून जास्त शरीराच्या हालचालीतून आली आहे. ज्याने वाकून काही वेचलेलं आहे त्यालाच ती सुचेल. आणि दुःख कशाचं? फुलं संपली म्हणजे पहाटे घराबाहेर पडायचं निमित्त संपलं. पुढच्या चैत्रापर्यंत त्या झाडाखाली जायला तिच्याकडे कारण उरलेलं नाही.

गाथांचा मोठा सन्मान काश्मिरात झाला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला, त्यात सूचक अर्थाचं, म्हणजे ध्वनीचं, उदाहरण म्हणून गोदाकाठची एक गाथा घेतली. नदीकाठच्या जाळीत एक धार्मिक गृहस्थ फिरायला येतो. तिथल्या एका कुत्र्याची त्याला भीती वाटत असे. एक बाई त्याला सांगते की आता खुशाल फिरा, त्या कुत्र्याला काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं. शब्दांत परवानगी आहे आणि अर्थ असा की पुन्हा इकडे फिरकू नका. हा अर्थ नेमका कुठून येतो यावर काश्मिरी पंडित पुढे दोन शतकं वाद घालत राहिले. महिमभट्टाने तर ध्वनी वगैरे काही नसतं, हे सरळ अनुमान आहे, असं म्हणत याच गाथेचा कीस काढला. तो सगळा वाद वाचण्यासारखा आहे. पण त्या वादात ती जाळी मागे पडते, आणि गाथेतला खरा प्रश्न जाळीचाच आहे.

ती जागा त्या बाईची आहे. तिथे ती कुणाला तरी भेटते. गृहस्थ रोज येऊ लागला, येता-जाता फुलंपानं तोडू लागला, तर जाळी विरळ होईल, पायवाट पडेल आणि जागा सगळ्यांची होईल. म्हणून ती सिंह उभा करते. सिंह खरा असो वा नसो, गोदावरीच्या काठी तो असू शकतो असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, तरच हा डाव चालतो. म्हणजे रान अजून पुरेसं रानटी आहे याचा त्या बाईला आधार आहे. रान माणसाळावं असं वाटणाऱ्यांच्या कविता पुष्कळ आहेत. रान भीतिदायकच राहावं, त्यात तिचं सुख आहे, असं सांगणारी बाई मला इथे भेटली.

याच जातीची एक बगळीची गाथा आहे. मम्मटाने ती 'काव्यप्रकाशा'त घेतली म्हणून संस्कृत शिकणाऱ्या अनेकांना ती ठाऊक असते. कमळाच्या पानावर बगळी हलत नाही, डुलत नाही. स्वच्छ पाचूच्या तबकात शंख ठेवावा तशी ती दिसते. चित्र म्हणूनही हे पुरेसं सुंदर आहे, पण बोलणारी बाई चित्र दाखवायला आलेली नाही. बगळी बिचकत नाही, याचा अर्थ आसपास माणूस नाही, म्हणून जागा भेटीला योग्य. टिटवी ओरडली की कुणीतरी येतंय हे शिवारात राबणाऱ्याला कळतं. तिथे पाखराचं ओरडणं ही खबर होती, इथे त्याचं गप्प असणं ही खबर आहे. पाचू आणि शंख ही उपमा त्या निश्चलतेवर आपली नजर खिळवून ठेवते, आणि तेवढ्या वेळात आपल्यालाही कळतं की सगळीकडे सामसूम आहे.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा. हे सगळं लिहिणारे खरोखर खेड्यातले होते का? अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं की गाथा रचणारे नगरातले, दरबारातले जाणकार होते आणि त्यांनी खेड्याचा पेहराव चढवला. भाषेची सफाई आणि सूचकतेची कमाल बघता त्यात तथ्य असावं. तरी तपशील बघावेत असं मला वाटतं. चिखलात दिवसभर नांगर ओढून नांगऱ्या रात्री मेल्यासारखा झोपतो आणि त्याची बायको पावसाळ्याला शिव्या घालते, असं एका गाथेत आहे. पावसाळा म्हणजे शृंगाराचा ऋतू, हा नगरातल्या कवितेचा संकेत. त्या संकेताला चिखलाने दिलेलं हे उत्तर आहे. कवी कुठेही राहत असेल, त्याने गुडघाभर चिखलातला माणूस पाहिलेला आहे.

संस्कृतातली थोर निसर्गकविता बहुतेक वेळा याच्या उलट दिशेने जाते. 'मेघदूता'त यक्ष ढगाला निरोप सांगतो, वाटेवरच्या नद्या त्याला नायिका वाटतात, सगळी सृष्टी त्याच्या विरहात सामील होते. गाथांमध्येही चंद्राशी बोलणारी विरहिणी अधूनमधून आहे, पण बहुतेक ठिकाणी रान माणसाच्या दुःखाकडे लक्ष देत नाही. साळ पिकायची तेव्हाच पिकते. मराठीत हा धागा मला पुढे बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांत आणि ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता'त (१९६७) सापडतो. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली बाई आणि अजिंठ्याच्या डोंगरांजवळच्या पळसखेड्याचा शेतकरी कवी. दोघांच्याही कवितेत हाताला माती लागलेली आहे.

पळसावरून एक गाथा आठवते. तिच्यात ना भेट आहे ना आडोसा, ती निव्वळ बघण्याची गाथा आहे. पळसाची फुलं पोपटाच्या चोचीसारखी वाकडी आणि लालभडक. ती जमिनीवर पडली आहेत आणि कवीला वाटतं, भूमीवर जणू बुद्धाच्या पायाशी वंदन करायला भिक्षूंचे संघच्या संघ पालथे पडले आहेत. सातवाहनांच्या काळात कार्ल्याला, नाशिकला डोंगर खोदून विहार झाले. रस्त्यांवर, घाटांत काषाय वस्त्रातले भिक्षू लोकांच्या रोजच्या नजरेतले होते. एरवी कवी माणसाच्या सौंदर्यासाठी फूल शोधतात. इथे फुलासाठी माणसं शोधली आहेत, तीही एकटीदुकटी नाहीत, घोळक्याने. पळसाखालची जमीन ज्याने फाल्गुनात पाहिली आहे त्याला यातला घोळका पटेल. एक फूल कधी पडत नाही, सडा पडतो. आणि फुलाचा बाक म्हणजे वाकलेली पाठ.

पण मी सगळ्यांत जास्त वेळा परत जातो ती गाथा गळक्या छपराची. नवरा दूरदेशी गेलेला आहे. पाऊस लागला आहे. छपरातून पाणी ठिबकतं आहे आणि मांडीवर मूल आहे. थेंब त्याच्यावर पडू नये म्हणून आई आपलं डोकं मध्ये धरते, सगळं पाणी स्वतःवर घेते. तिच्या हे लक्षातच येत नाही की तिच्या आसवांनी मूल भिजतं आहे.

पावसाला आसवांची उपमा देणं किती सोपं होतं. कवीने ती दिलेली नाही. त्याने दोन पाणी एकमेकांशेजारी ठेवली आणि मध्ये आईचं डोकं ठेवलं. वरून येणारं पाणी ती अडवू शकते, डोळ्यांतून येणारं तिला दिसतही नाही. या गाथेत नवऱ्याबद्दल तो प्रवासात आहे एवढंच कळतं, पण गळणारं छप्पर त्याच्याबद्दल बरंच सांगतं. गवताचं घर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं. मृगाच्या आत नवं गवत चढवलं नाही तर पहिल्याच मोठ्या सरीला घर गळतं. शाकारणीच्या दिवसांत तो घरी नव्हता. पावसाआधी परत यायचं असा त्या काळच्या प्रवाशांचा शिरस्ता होता, कारण पुढे चार महिने वाटा बंद. तो आला नाही म्हणून छप्पर गळतं, आणि तो आला नाही म्हणून ती रडते. दोन्ही पाण्यांचा उगम एकच आहे, हे छपराकडे बघितल्यावर कळतं.

सातव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे शेवटच्या शंभर गाथांच्या सुरुवातीला, व्याधाची एक गाथा येते. व्याध धनुष्य ताणून उभा आहे, समोर हरणांचं जोडपं. जोडप्यातलं प्रत्येक हरीण दुसऱ्याला वाचवायला बाणासमोर येतं. नेम एकावर धरावा तर दुसरं पुढे. व्याधाचे डोळे भरून येतात, त्या पाण्याने धनुष्य धुऊन निघतं आणि तो ते खाली ठेवतो. करुणेची गाथा म्हणून ती सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आधी कसब दिसतं. दुसऱ्या कुणाला त्या रानात दोन घाबरलेली जनावरं इकडेतिकडे उडताना दिसली असती. कोण कुणासाठी पुढे सरकतं आहे, हे ओळखायला हरणाची हालचाल पोटासाठी शिकलेला माणूस लागतो. शिकारीने त्याला जी नजर दिली तिनेच त्याला हे दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रानात गेला असेल का, हे कवीने विचारलेलं नाही. मला वाटतं, गेला असेल.